रजेचं कारण ४० जणांना कशाला कळायला हवं?

धागाकर्ती:
मागच्या महिन्यात गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे रजा घेतली. डिस्चार्ज कार्ड फक्त एचआरला मेल केलं होतं. परतले त्या दिवशी टीममधल्या एका मुलाने जिन्यातच विचारलं, "गाठ काढली ना? आता बरं आहे?" त्याने मनापासूनच विचारलं, पण मला तिथून पळून जावंसं वाटलं. रजांची एक्सेल शीट 'कारण' या रकान्यासकट ४० जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली होती. सगळ्यांचे पॅन आणि बँक खात्यांचे क्रमांकही त्यातच. आमच्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट बंद असतात, रुजू होताना गोपनीयतेच्या करारावर सह्या घेतात. क्लायंटची माहिती एवढी जपता, मग माझी का नाही?

सिक्युरिटीवाला:
ताई, झालं ते चूकच. पण पोर्ट बंद ठेवण्याला नावं ठेवू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कामाच्या ओघात कंपनीचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, चॅटजीपीटीत टाकला होता; माहिती अशीच बाहेर जाते. लॅपटॉप कंपनीचा, त्यावर नजरही कंपनीचीच राहणार. खासगी कामाला स्वतःचा फोन आहे.

सोलापूरकर:
कुठला स्वतःचा फोन? हजेरीचं अ‍ॅप त्यातच टाकायला लावलंय आणि लोकेशन कायम चालू. रविवारी मी कुठे आहे तेही साहेबांना दिसतं. लॅपटॉप तुमचा, मान्य. मग माझा फोन माझा राहू द्या.

एचआरमधली एक:
कारण विचारावंच लागतं, खोटी सर्टिफिकेटं रोज बघते मी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ वाचा. नोकरीच्या कारणासाठी कंपनी संमतीशिवायही माहिती वापरू शकते.

धागाकर्ती:
वापरा की! वाटता कशाला? त्याच कायद्यात सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली. शीट ग्रुपवर टाकू नये हे कळायलाही मुदत लागते का? खोट्या सर्टिफिकेटांची तपासणी तुम्ही करा, टीमला 'वैद्यकीय रजा' एवढंच पुरे.

एचआरमधली एक:
ग्रुपवर टाकणं चूक, हे मानते. पण मॅनेजरला थोडं तरी सांगावं लागतं, नाहीतर काम कुणाकडे द्यायचं ते ठरत नाही.

धागाकर्ती:
त्याला माझ्या परतीची तारीख लागते, माझी गाठ नाही. शीट काढा असं लेखी दिलंय. ४० फोनांत उतरलेल्या फाइलचं काय करायचं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.