मध्यक वर्गाबाहेर गेला तरी मुलांना खटकत नाही

पंचवटीकर:
दहावीच्या सांख्यिकीतलं सरावाचं उदाहरण. लासलगावला आलेल्या कांद्याच्या ५० ट्रॉल्या, भाव क्विंटलला रुपयांत (आकडे बनवलेले):
१०००–१२०० : ६
१२००–१४०० : १०
१४००–१६०० : १८
१६००–१८०० : १२
१८००–२००० : ४
मध्यक (भाव चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) १५००. बरीच मुलं १३०० लिहितात. सूत्र तोंडपाठ, मध्यक वर्गही (ज्यात मध्यक पडतो तो, १४००–१६००) बरोबर. मग अडतं कुठे?

सिन्नर_गणित:
संचित वारंवारतेत, म्हणजे त्या ओळीपर्यंतच्या ट्रॉल्यांच्या बेरजेत. मध्यक वर्गाच्या आधीची १६ घ्यायची, मुलं त्याच ओळीतली ३४ उचलतात. ५० चे निम्मे २५, त्यातून ३४ वजा, उणे ९, भागिले १८, गुणिले २००, आले उणे १००. १४०० मधून गेले, उरले १३००. योगायोगाने इथे दोन्हीकडे ९ च येतात, फक्त चिन्ह उलटतं. उत्तर दिसायला नीट, म्हणून शंकाच येत नाही.

सूत्राआधी तोंडी विचारा. २५वी ट्रॉली कुठे? १४०० च्या खाली १६ संपल्या. अजून ९ हव्यात, या वर्गात आहेत १८. म्हणजे वर्गात निम्मं अंतर आत जायचं, १०० रुपये. वर्गातले भाव सारखे पसरलेत असं सूत्र धरून चालतं, हेही तेव्हाच सांगा. एवढं बोलता आलेलं मूल १३०० पाहून स्वतःच थबकतं.

नाशिकरोड_शिकवणी:
सर, उदाहरणातच एक खोट आहे. सर्वांत मोठी वारंवारता १८, आणि मध्यक वर्गही तोच. बहुलकाच्या (सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या किमतीच्या) नियमाने वर्ग निवडणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतील! १८ आणि ६ ची अदलाबदल करा. मग मध्यक वर्ग १२००–१४००, मध्यक १३४०. चुकीचा विचार लगेच उघडा पडतो.

मराठी माध्यमात शब्दाचीही गोची आहे. पुस्तकात मध्य म्हणजे सरासरी, बोलण्यात मध्य म्हणजे मधोमध. म्हणून मुलं मध्य काढायला आकडे रांगेत लावून मधला उचलतात. १२००, १३००, १४००, १५००, १६०० मध्ये ही चूक लपते, दोन्ही १४०० च. शेवटचा ४६०० करा: मध्य २०००, मध्यक जागचा हलत नाही.

पंचवटीकर:
दोन्ही बदल करतो. वर्ग १०००–११९९, १२००–१३९९ असे दिले तर?

सिन्नर_गणित:
आधी सलग करून घ्या: ९९९.५–११९९.५, असे पुढे. मूळ वारंवारता ठेवल्यास खालची मर्यादा १३९९.५, वर्गांतर २०० च. १९९ धरणारे इथेच घसरतात. मध्यक १४९९.५.