परदेशात लेकराची मराठी मागे पडत असेल, तर घरात कोणती भाषा बोलावी?

प्रश्न : लातूरची आई, सध्या मुक्काम स्टुटगार्ट

यजमानांच्या कामानिमित्त आम्ही तीन वर्षांसाठी जर्मनीत आलो असून त्यातले पहिले वर्ष नुकतेच संपले आहे. थोरला साडेचार वर्षांचा आहे आणि धाकटी दीड वर्षाची. थोरला इथल्या बालवाडीत, म्हणजे किटामध्ये, रुळल्यापासून आम्ही मराठीत विचारले तरी उत्तर जर्मनमध्येच देतो. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना तो "वासर, वासर" म्हणू लागला. जर्मनमध्ये वासर म्हणजे पाणी. परंतु औशाजवळ शेतात राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांना वाटले की नातवाला वासरू बघायचे आहे, म्हणून ते फोन घेऊन थेट गोठ्यात गेले. वासरू पाहून पोरगा हरखला, पण फोन ठेवल्यावर सासूबाईंचे डोळे भरून आले, हे मला नंतर नणंदेकडून कळले. "दोन वर्षांनी हे लेकरू माझ्याशी बोलंल का गं?" हा त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. इकडे काही परिचित सांगतात की घरातही जर्मनच बोला, नाहीतर मूल गोंधळेल. आम्हाला तर परत लातूरलाच यायचे आहे. काय करावे?

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षक, देगलूर

ताई, आमचा तालुका तेलंगणाच्या सीमेवर आहे. माझ्या वर्गातली कितीतरी मुले घरी आईशी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि बाजारात हिंदीत भाव विचारतात. कोणाशी कोणती भाषा बोलायची हे त्यांना शिकवावे लागत नाही. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द आले, तर तो गोंधळ नसतो. जो शब्द आधी सापडतो, तो मूल वापरते. जर्मन त्याला किटातल्या बाई आणि सवंगडी तुमच्यापेक्षा चांगली शिकवतील. मराठी मात्र तिथे तुमच्याशिवाय त्याला कोण देणार? ज्या भाषेत तुम्हाला लेकराची समजूत घालता येते, रागावता येते आणि जवळ घेता येते, तीच घरात बोला. त्याने "वासर" म्हटले, तर चूक काढू नका आणि तोच शब्द पुन्हा म्हणायलाही लावू नका, "पाणी पाहिजे का? घे, गार पाणी घे" एवढेच म्हणा आणि पेला हातात द्या. हे महिनोन्‌महिने करावे लागते, आणि तोवर तो जर्मनमध्येच उत्तर देत राहिला तरी त्याच्या कानावर मराठी पडतच असते.

प्रतिसाद : नेदरलँडहून परतलेला बाप, छत्रपती संभाजीनगर

आमची मुलगी तिथे तीन वर्षे होती. परत आल्यावर तिचे बोलणे काही महिन्यांत सुधारले, वाचन मात्र जड गेले. म्हणून पाचव्या वर्षापासून अक्षरओळख सुरू करा. बालभारतीची पहिलीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. फोनची वेळही ठरवून घ्या. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. तुमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा गावाकडे आजी-आजोबा झोपेला आलेले असतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सकाळीच बोललेले बरे.

प्रतिसाद : परभणीची आजी

बाळा, मीही लेकीकडे नव्वद दिवसांच्या व्हिसावर जाऊन आले आहे. पहिला आठवडा नात माझ्याशी बोलेना. मग मी तिला परातीपाशी बसवले आणि ज्वारीच्या पिठाचा गोळा तिच्या हातात दिला. मळ, थाप, उलट, पाणी लाव, हे शब्द तिच्या तोंडी आपोआप आले. तिथल्या काचेच्या शेगडीवर भाकरी नीट फुगत नव्हती, तरी पापुद्रा सुटला की ती "आजी, सुटला!" म्हणून ओरडायची. फोनवर लेकराला "बोल, बोल" म्हणून बावरून सोडू नका. तुझ्या सासऱ्यांनी गोठ्यात जाऊन वासरू दाखवले, तेच खरे बोलणे झाले.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काकू, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, लातूरला दुपारचे बारा वाजतील तेव्हा इथे सकाळचे साडेसात झालेले असतील, म्हणजे किटात जाण्याआधी तो शेतातली कोप (कडब्याची खोपी), पांडवांची पूजा आणि भज्जी-आंबिलीची पंगत पाहू शकेल. वासराचे नाव त्यानेच ठेवायचे, असे आजोबांनी आजच कळवले आहे.