नागपूरचं हवामान नेमकं कोणतं: उपोष्ण कटिबंधीय की खंडीय?

संत्रानगरी
शाळेच्या भूगोलात नागपूरचं हवामान ‘विषम’ म्हणून शिकवतात, काही ठिकाणी ‘खंडीय’ असंही लिहिलेलं असतं. फळबागेच्या पुस्तिकांत संत्रं उपोष्ण कटिबंधातलं फळ. आणि तापमान-पावसाच्या आकड्यांवरून हवामानाचे गट पाडणाऱ्या कोपेनच्या जगाच्या नकाशावर नागपूर ‘एडब्ल्यू’, म्हणजे चक्क उष्ण कटिबंधीय सव्हाना. यातलं खरं कोणतं? दक्षिण कोरियाच्या सोलसारखं शहर एका नकाशात उपोष्ण आणि दुसऱ्यात खंडीय दिसतं ते कशामुळे? हाताने गणित करून ठरवायचं तर कोणते आकडे घ्यायचे?

पर्जन्यमापक
कोपेनच्या पद्धतीत नागपूरबद्दल वाद होण्यासारखं काही नाही. स्वतः करून बघा. क्रम मात्र पाळा: कोरड्या ‘बी’ गटाची परीक्षा सगळ्यात आधी. बरेच जण थेट तापमानावर जातात आणि तिथेच फसतात.

वार्षिक सरासरी तापमान सुमारे २७ अंश. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत वर्षाच्या ७० टक्क्यांहून जास्त पाऊस पडत असेल तर उंबरठा (वार्षिक पाऊस याखाली असेल तर हवामान कोरडं) असा: तापमान गुणिले २०, अधिक २८०. म्हणजे ८२० मिमी. नागपूरचा पाऊस साधारण ११०० मिमी, त्यामुळे ‘बी’ गट बाद. आता सगळ्यात थंड महिना. डिसेंबरचं सरासरी कमाल २८ आणि किमान १३ धरलं तर मध्य येतो २०.५. तो १८ च्या वर, म्हणून उष्ण कटिबंधीय ‘ए’ गट. शेवटी कोरडा महिना: १०० वजा (वार्षिक पाऊस भागिले २५), म्हणजे ५६ मिमी. आपल्याकडचा सगळ्यात कोरडा महिना याच्या कितीतरी खाली असतो, म्हणून सव्हाना. झालं एडब्ल्यू.

चुका कुठे होतात ते सांगतो. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींची सरासरी म्हणजे दिवसाची सरासरी नव्हे. कमाल-किमानाचा मध्यच घ्या. एका वर्षाचे आकडे नकोत, ३० वर्षांची सरासरी हवी. विक्रम तर अजिबात धरू नका. मे २०१३ मधले ४७.९ अंश असोत की डिसेंबर २०१८ मधले ३.५, वर्गीकरणाला ते दिसतच नाहीत. आणि स्वयंचलित केंद्राचा आकडा तपासल्याशिवाय वापरू नका. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या अशा एका केंद्राने ५६ अंश दाखवले होते, दोष संवेदकाचा निघाला.

खरी काठावरची जागा आपल्या उत्तरेला आहे. जबलपूरचा जानेवारी साडेसतराच्या आसपास, म्हणून ते ‘सीडब्ल्यूए’त, उपोष्णात. १८ ची रेषा नागपूर आणि जबलपूरच्या मधून जाते. दिल्लीचा वाद वेगळाच: २५ अंशांना उंबरठा येतो ७८० मिमी आणि तिथला पाऊसही जवळपास तेवढाच. म्हणून दिल्ली कुणाच्या नकाशात निमशुष्क, कुणाच्या नकाशात उपोष्ण.

कर्कवृत्त
सोलचं उत्तर एका आकड्यात आहे. ‘सी’ (समशीतोष्ण) आणि ‘डी’ (खंडीय) गटांमधली सीमा कोपेनने सगळ्यात थंड महिन्याच्या उणे ३ अंशांवर ठेवली होती, टिकून राहणाऱ्या बर्फाच्या थराशी तिचा संबंध लावून. पुढे रसेल या भूगोलतज्ज्ञाने अमेरिकेसाठी ती शून्यावर आणली, आणि २००७ च्या ज्या जागतिक नकाशाचा आज सर्रास आधार घेतात त्यातही शून्यच आहे. सोलचा जानेवारी उणे २ च्या आसपास. उणे ३ धरलं की सीडब्ल्यूए, शून्य धरलं की डीडब्ल्यूए. न्यूयॉर्कमध्ये तर रेषा न हलवताही गट बदलतो: १९६१-९० च्या सरासरीत तिथला जानेवारी शून्याच्या किंचित खाली होता, १९९१-२०२० च्या सरासरीत सुमारे १ अंश वर.

आता मुख्य मुद्दा. कोपेनने ‘सी’ला उबदार समशीतोष्ण म्हटलं होतं. ‘दमट उपोष्ण’ हे नाव नंतरच्यांनी चिकटवलं. गोंधळ त्या नावाने केलाय, गणिताने नाही. ट्रेवार्था या भूगोलतज्ज्ञाला हे खटकलं, म्हणून त्याने उपोष्णासाठी वेगळी अट घातली: किमान ८ महिने सरासरी १० अंश किंवा त्याहून जास्त. सोल आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे एप्रिल ते ऑक्टोबर असे ७ महिनेच भरतात, म्हणून दोन्ही उपोष्णातून बाहेर. मला ही अट जास्त पटते, कारण झाडाला उबेचे महिने किती मिळाले हे ती विचारते.

सातपुडा_पायथा
‘खंडीय’ हा शब्द दोन कामांना वापरला जातोय, इकडे कुणाचं लक्ष दिसत नाही. एक म्हणजे ‘डी’ गटाचं नाव. दुसरं म्हणजे खंडीयता, समुद्रापासून दूर गेल्यावर वाढणारा, सगळ्यात उष्ण आणि सगळ्यात थंड महिन्यांच्या तापमानातला फरक (वार्षिक तापमानकक्षा). शाळेतलं ‘विषम’ हे दुसऱ्या अर्थाचं, आणि ते मोजता येतं. कॉनरॅडचं सूत्र: १.७ गुणिले वार्षिक तापमानकक्षा, भागिले साइन (अक्षांश + १०), त्यातून १४ वजा. आकडा जितका मोठा तितकी खंडीयता जास्त.

नागपूर: मे ३५, डिसेंबर २०.५, कक्षा साधारण १५, अक्षांश २१.१. उत्तर सुमारे ३५. मुंबईची कक्षा ६ च्या आसपास, उत्तर ७. आता मॉस्को करा: कक्षा २६, अक्षांश ५५.७५, उत्तर ३४ च्या आसपास! नागपूर आणि मॉस्को खंडीयतेत जवळपास सारखे. एक ‘ए’त आणि दुसरं ‘डी’त असलं, तरी विरोध कुठेच नाही.

एक सावधगिरी. कमी अक्षांशांवर साइनने भागताना आकडा फुगतो. अधिक १० त्यासाठीच आहे. गोर्चिन्स्कीच्या जुन्या सूत्रात ते नाही, त्यामुळे विषुववृत्ताजवळ ते कोलमडतं. शिवाय आपल्याकडचं शिखर मे महिन्यातलं, नवतप्याचं (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांचं). जूनमध्ये मान्सून येऊन ते कापतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग नसते तर कक्षा आणखी वाढली असती.

काळी_माती
संत्र्याचं बोलायचं तर बागायतीतलं ‘उपोष्ण’ हे फळाचं वर्णन आहे, गावाचं नव्हे. खऱ्या उपोष्ण भागात लिंबूवर्गीय झाडाला थंडीच विश्रांती देते आणि मग ते फुलतं. आपली थंडी त्याला एकटी पुरत नाही, म्हणून पाणी तोडून ताण द्यावा लागतो. अंबिया बहाराला (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याला) डिसेंबर-जानेवारीची थंडी मदतीला असते. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) मात्र पूर्णपणे मे महिन्याच्या ताणावर. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल खोल टिकून राहते आणि मध्येच अवकाळी पाऊस झाला की ताण तुटून नवी फूट (पालवी) फुलांत मिसळते. शेतीसाठी कोपेन बघूच नये. अमरावती रोडवरच्या मृद सर्वेक्षण ब्युरोने देशाचे २० कृषी-पर्यावरणीय प्रदेश आणि ६० उपप्रदेश पाडलेत, ते पिकाच्या वाढीच्या कालावधीवर, म्हणजे पाऊस आणि जमिनीतली ओल धरून. कामाचा नकाशा तो.

संत्रानगरी
आभारी आहे सगळ्यांचा. मग चिखलदरा? उंची सुमारे ११०० मीटर, नागपूर ३१० मीटर. हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर ५ अंश कमी, डिसेंबर साडेपंधरा. म्हणजे उपोष्ण?

पर्जन्यमापक
कमाल तापमानाला हा हिशेब चालतो, किमानाला नाही. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून खाली दरीत जाऊन साचते, त्यामुळे पठारावरचं किमान तेवढं उतरत नाही. समजा कमाल ५ ने उतरलं आणि किमान होतं तेवढंच राहिलं, तर मध्य अडीचनेच घटतो. २०.५ चे १८, बरोबर रेषेवर! म्हणून तिथल्या केंद्राचे कमाल-किमान वेगवेगळे घ्या, डिसेंबर आणि जानेवारी दोन्ही काढा, जो थंड निघेल तो धरा.