काकाजींच्या आवाजातील वर्गणीचे आवाहन (सोसायटी ग्रुप, मनीषनगर, नागपूर)

सचिव, ए-१०२:
सर्व सदस्यांना नमस्कार. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी काल रात्री ग्रुपवर आलेला ध्वनिसंदेश आपले दिवंगत माजी अध्यक्ष काकाजी यांच्या आवाजात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला होता, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. दोन महिन्यांपासून सुटीवर गावी असलेल्या आपल्या चौकीदाराला तो कोणीतरी पाठवला. आज सकाळी त्याने फोन करून ‘काकाजी बरे होऊन घरी आले का जी?’ असे विचारले, तेव्हा काय उत्तर द्यावे हे मला क्षणभर सुचले नाही. सदस्यांनी आपले मत मांडावे.

सी-३०४:
काका, तो संदेश मी तयार केला. याच ग्रुपवरील काकाजींचे जुने ध्वनिसंदेश, मिळून अडीच मिनिटांचेही नसतील, एका संकेतस्थळावर चढवले आणि मजकूर लिहून दिला. दहावीचे गणित मी त्यांच्याकडेच शिकलो; यंदाच्या पहिल्या आरतीला ते नसतील, ही रुखरुख होती. कोणाला दुखवण्याचा हेतू नव्हता.

कोषाध्यक्ष, बी-१०३:
नोंदीसाठी कळवतो की त्या संदेशानंतर रात्रीतून नऊ घरांची वर्गणी जमा झाली.

ए-४०३:
मला यात मोठा गुन्हा दिसत नाही. आपण दिवंगतांच्या फोटोला हार घालतो, नकलाकार पुढाऱ्यांचे आवाज काढतात आणि आपण हसतो. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दिवंगत गायकांचे आवाज याच तंत्राने एका गाण्यात वापरले. मुलाने प्रेमाने केले आहे. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

बी-२०१ (वकील):
भाऊ, मुलाच्या प्रेमाविषयी माझ्याही मनात शंका नाही. परंतु रहमान यांनी त्या गायकांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली होती आणि मोबदलाही दिला होता, असे त्यांनी स्वतः जाहीर केले होते. आपल्याकडे काकूंना कोणी विचारलेसुद्धा नाही. नकलाकार समोर उभा असतो, त्यामुळे बोलणारा कोण हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. फोटो तर बोलतच नाही.

कायद्याविषयी विचाराल, तर चित्र अपुरे आहे. आपले नागपूर खंडपीठ ज्या मुंबई उच्च न्यायालयाचे आहे, त्याने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. परंतु ते हयात आहेत आणि प्रसिद्धही. दिवंगत सुशांतसिंह राजपूत यांच्याविषयीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये, असे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, अशी भूमिका घेतली. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे खरी, पण एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्याच कायद्याने कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे निवृत्त शिक्षकाच्या आवाजाची राखण शेवटी शेजाऱ्यांच्या सद्सद्विवेकावरच येते. (बँकेच्या ठेवीला आपण नामनिर्देशन करतो, आवाजाला करावे लागेल, असे कोणाला वाटले होते?)

ए-१०४:
मी काकाजींच्या समोरच्या दारात सव्वीस वर्षे राहिले, म्हणून एक गोष्ट सांगते. त्या संदेशात ‘प्रत्येक घराने दोन हजार रुपये द्यावेत’ असे वाक्य आहे. वर्गणी ऐच्छिक असावी, यावरून काकाजी दरवर्षी सभेत भांडत आणि एका वर्षी तर रागावून सभेतून उठून गेले होते. आवाज त्यांचा घेतला आणि मत मात्र त्यांच्या विरुद्धचे घातले. नऊ घरांनी जे पैसे दिले, ते त्यांच्या शब्दाखातर दिले, आणि तो शब्द त्यांचा नव्हताच.

सी-३०४:
काकू, हे मला खरोखर माहीत नव्हते. रक्कम समितीच्या सूचनेत होती, ती मी तशीच घातली.

डी-१०१ (सध्या पुणे):
मी काकाजींची मुलगी. आईने तो संदेश ऐकला. बाबांचा २०२१ मधला ‘टाकी भरली आहे, मोटर बंद केली आहे’ हा संदेश ती रोज संध्याकाळी ऐकते. त्याच्या सुरुवातीला बाबा खोकतात आणि मागे कुकरची शिट्टी वाजते. नव्या संदेशात खोकला नाही, शिट्टी नाही, बाबा एकदाही अडखळत नाहीत. आई म्हणाली, ‘हे इतके नीट कधी बोलत होते?’ आणि नंतर बराच वेळ गप्प बसली. माझी भीती वेगळी आहे: हा गुळगुळीत आवाज चार वेळा कानावर पडला, तर काही वर्षांनी आम्हाला खरा कोणता आठवेल? सी-३०४ वर माझा राग नाही, तो आमच्याच घरी खेळून मोठा झाला. तो संदेश सर्वांनी पुसावा आणि बाबांचे मूळ संदेश ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते मला स्वतंत्रपणे पाठवावेत, एवढीच विनंती.

सचिव, ए-१०२:
तो संदेश ग्रुपवरून काढला आहे. त्या नऊ घरांना रक्कम परत हवी असल्यास कोषाध्यक्षांना कळवावे. वर्गणी ऐच्छिक असल्याची नवी सूचना मी स्वतः लिहून, माझ्या नावाने देतो. चौकीदाराला खरे काय ते सांगितले आहे. तो रडला.

बी-२०१ (वकील):
एक प्रश्न उरतो. जानेवारी २०२३ मध्येच मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारी प्रणाली मांडली होती. काकाजींचे नमुने त्या संकेतस्थळावर अजून आहेत काय?

सी-३०४:
आहेत, वकील काकू. नमुने पुसण्याची सोय खात्यात दिसते. पण त्यांच्याकडील प्रती केव्हा नष्ट होतात, हे अटींमध्ये शोधतो आहे. उद्या सायंकाळी लॅपटॉप घेऊन आपल्याकडे येतो. ताई, आपणही त्या वेळी फोनवर असाल तर बरे होईल. पुसण्याचे बटण आपल्या संमतीनेच दाबतो.