दिवाळीत थायलंड, बेटावर पाऊस असतो का? लवकर सांगा

वैतागलेला_बाप
मंडळी, दिवाळीत आम्ही सहा जण थायलंडला निघालोय. तिकिटं काढून झालीत, हॉटेलचे निम्मे पैसे भरलेत आणि काल बायकोच्या मैत्रिणीने सांगितलं की बेटावर तेव्हा धो धो पाऊस असतो, झालं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. एजंट म्हणतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट सीझन. पाऊस असतो की नसतो एवढंच सांगा, हॉटेल रद्द करायला शनिवारपर्यंतच मुदत आहे.

निवांत
कुठलं बेट?

चकली
आम्ही २०१९ च्या जानेवारीत गेलो होतो फुकेतला, एक थेंब नाही. बिनधास्त जा हो!

निवांत
चकलीताई, ते दिवाळीचं विचारतायत, यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. आणि २०१९ च्या जानेवारीतच पाबुक वादळ आलं होतं, दक्षिणेकडच्या बोटी बंद होत्या.

चकली
ते पहिल्या आठवड्यात. आम्ही २० तारखेनंतर होतो. उगाच खोटं पाडू नका.

वैतागलेला_बाप
समुई. पण देश एकच ना, बेटाबेटाला वेगळा पाऊस कसा असेल?

डोंगरवेडा
असतो ना. आपल्याकडे मुंबई जूनमध्ये भिजते आणि चेन्नई ऑक्टोबर ते डिसेंबर, तसंच. फुकेत, क्राबी पश्चिमेला अंदमान समुद्राकडे, त्यांचा पाऊस मे ते ऑक्टोबर. समुई पूर्वेला, थायलंडच्या आखातात. ऑक्टोबरच्या मध्यापासून वारं फिरतं, ईशान्येकडून येतं. बँकॉक, चियांग माईला ते कोरडं, म्हणून एजंटचा बेस्ट सीझन तिथे खराय. तेच वारं समुद्रावरून ओलावा घेऊन पूर्व किनाऱ्यावर आलं की ओततं. समुईला वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस नोव्हेंबरात. गेल्या नोव्हेंबरात दक्षिणेला हात याई शहर बुडालं होतं ते याच पावसात.

व्हिएतनामप्रेमी
थायलंड आता जुनं झालं. दा नांग, होई आन करा, स्वस्त आणि मस्त.

डोंगरवेडा
नोव्हेंबरात होई आन? गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी तिथल्या गल्ल्यांतून होड्या चालल्या होत्या! जायचंच तर उत्तरेला हनोई, तिकडे तेव्हा कोरडं असतं.

व्हिएतनामप्रेमी
आम्ही मार्चमध्ये गेलो होतो, छान होतं.

सुगरण_आज्जी
शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान शोधा. कांदा-लसूणसुद्धा नसतो. फिश सॉसची भीती नाही.

निवांत
आज्जी, पावसाचं चाललंय 🙂 बाप, समुईला जाणार कसे आणि परत कधी? सहात कोण कोण?

वैतागलेला_बाप
आई ७१ ची, सासूबाई, दोन मुलं, आम्ही दोघं. ९ ला निघतोय. बँकॉकहून सुरत थानीला विमान, पुढे डोनसाकहून बोट, समुईचं विमान महाग पडत होतं. परत येताना सकाळची बोट, दुपारी सुरत थानीहून विमान, रात्री बँकॉकहून मुंबई. याचा पावसाशी काय संबंध?

निवांत
अहो सगळा संबंध तिथेच आहे! पाऊस पडला तर माणूस खोलीत बसून पत्ते खेळेल. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. आम्ही परत येताना समुईच्या नाथॉन धक्क्यावर सकाळी साडेसहाला पोचलो तर खिडकीवर थाईत लिहिलेला कागद चिकटवलेला, शेजारची बाई नुसती हाताने नाही नाही करत होती. ओली बॅग मांडीवर घेऊन दुपारी तीनपर्यंत बसलो. मग एक बोट सुटली, दीड तासाच्या प्रवासात निम्मे लोक पिशवीत तोंड घालून. आमचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं म्हणून वाचलो. तुमचं त्याच रात्रीचं मुंबईचं आहे, त्यात दोन म्हाताऱ्या.

चकली
समुईला पाऊस तासाभराचाच असतो म्हणतात.

डोंगरवेडा
कधी तासभर, कधी तीन दिवस. आणि पाऊस कॅलेंडर बघून येत नाही, २०११ ला तर मार्चअखेरीस समुईला पूर आलेला. पण मुद्दाम नोव्हेंबरात कशाला जायचं? समुईजवळचं अंग थाँग सागरी उद्यानही साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात काही आठवडे बंद ठेवतात, मुलांना तेच तर दाखवायचं असेल.

वैतागलेला_बाप
सुरत थानीच्या विमानाचे पैसे परत मिळत नाहीत. सहा तिकिटं. बायको आता माझ्याकडे नुसती बघते.

निवांत
ती कशाला फेकताय? सुरत थानीला उतरा आणि बोटीऐवजी रस्त्याने क्राबीला जा, व्हॅनने अडीच-तीन तास. पश्चिम किनारा, मधे डोंगररांग. संध्याकाळी एखादी सर येईल, पण समुद्र तोपर्यंत बराच शांत झालेला असतो. परतीलाही तेच, बोटीवर काही अडून राहणार नाही.

वैतागलेला_बाप
हे एजंटने का नाही सांगितलं?? समुईचं रद्द करतोय. व्हॅन विमानतळावरच मिळते की आधी ठरवावी लागते? सासूबाईंना गाडी लागते.

सुगरण_आज्जी
आलेपाक ठेवा जवळ. आणि त्यांना पुढे बसवा.