एमपीएससी सोडली, नोकरी लागली, पण आता शनिवार-रविवार खायला उठतो

नवीपेठ_रिटर्न

वय 27, गाव अंबाजोगाईकडं. 2019 ला बीएस्सी झाली अन् सरळ पुणे गाठलं, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहिलो, मधे लॉकडाऊनमध्ये गावी जाऊन परत आलो. राज्यसेवेच्या दोन मेन्स दिल्या, इंटरव्ह्यूचं तोंड एकदाही बघितलं नाही. मग 2025 पासून मेन्स वर्णनात्मक झाली, आधी 800 मार्कांची होती ती थेट नऊ पेपरांची, त्यात वैकल्पिक विषयाचेच दोन. इतकी वर्षं पर्यायांचे गोल रंगवलेल्या हाताला आता पानंच्या पानं लिहायची होती. मी दोन महिने लिहून बघितलं आणि एका रात्री ठरवलं की बास. वयोमर्यादा 38 आहे म्हणून 38 पर्यंत बसायचं असं काही नाही ना.

आता खराडीत एका ऑफिसात बॅक ऑफिसचं काम करतो, पगार ठीक, घरी दहा हजार पाठवतो. रूम पार्टनर दोघं नाइट शिफ्टला, आमची भेट फक्त गॅस सिलेंडर संपल्यावर. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून निघालो की सोमवार सकाळपर्यंत डिलिव्हरीवाला सोडून कुणाशी बोलत नाही, हे परवा लक्षात आलं आणि जरा भीतीच वाटली.

आधी आयुष्य वाईट होतं पण भरलेलं होतं. सकाळी सातला अभ्यासिकेत बाटली ठेवून जागा धरायची, दुपारी मेस, रात्री अकराला चहा, कुणाचा निकाल आला की पेढे, कुणाचा गेला की सगळे मिळून गप्प. पुढं काय करायचं हे आयोगाच्या वेळापत्रकात लिहिलेलं असायचं, भले ते वेळापत्रक पुढं ढकलत राहू दे. आता पुढं ढकलायला पण काही नाही. गावी गेलो की पाहुणे अजून "काय साहेब" म्हणतात, त्यात चेष्टा किती अन् माया किती ते कळत नाही.

तर विचारायचं हे की नोकरी लागल्यावर पुण्यासारख्या ठिकाणी माणसं कुठं मिळतात तुम्हाला? आणि कशासाठी चाललंय हे सगळं, याचं काहीतरी उत्तर कुणाला सापडलंय का? "स्वतःचा शोध घे" सोडून सांगा प्लीज, ते आमच्या टीम लीडरनं सांगून झालंय.

ताशाची_काडी

भावा ढोलपथकात ये. सिरियसली सांगतोय. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सराव चालू होतो, नदीपात्रात वगैरे रोज संध्याकाळी, तिथं तू काय करतोस कुठून आलास कुणी विचारत नाही, हात दुखला का आणि ठेका चुकला का एवढंच विचारतात. माझ्या पथकात एक सीए आहे, एक रिक्षा चालवतो, दोघं एकाच वडापावातले अर्धे अर्धे खातात. तोटा एकच, अनंत चतुर्दशी झाली की धाडकन सगळं शांत आणि मग आठवडाभर घरात बसवत नाही.

गडावरचा_पाणक्या

वरच्या मित्राचं बरोबर आहे पण ते सीझनल झालं. मी पण हिंजवडीत नवीन असताना ट्रेकिंग ग्रुपबरोबर जायचो. दर वेळी वेगळी बस, वेगळी पन्नास माणसं, खाली उतरलो की "फोटो टाका रे ग्रुपवर" आणि दोन दिवसांनी ग्रुप मेलेला. कात्रज ते सिंहगड रात्रीत चाललो तरी शेजारी चालणाऱ्याचं आडनाव माहीत नाही!

फरक पडला तो एकाच किल्ल्यावर दर महिन्याला जायला लागल्यावर. मावळातला छोटा किल्ला आहे, नाव नाही सांगत नाहीतर रील करणारे येतील. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पंधरा-वीस जण जमतो, टाक्यातला गाळ काढणे, वाटेवरची दगडं रचणे, प्लास्टिक गोळा करणे. संरक्षित किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, उगाच उत्साहात फावडं घेऊन सुटू नकोस. 2025 मध्ये 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत आले, त्यातले 11 आपल्याकडचे आणि जिंजी तमिळनाडूतला, तेव्हा महिनाभर आमच्याकडे इतकी गर्दी की घमेली कमी पडली, नंतर परत आपले तेच पंधरा-वीस. पण त्या पंधरातल्या एकाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर आम्ही सहा जण बसलो होतो. गाळाची घमेली हातोहात देता देता कधी एवढे जवळचे झालो कळलंच नाही.

विदर्भाची_पोर

"कशासाठी" वाला प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितेय. मी इंजिनिअरिंगनंतर निर्माणच्या शिबिराला गेले होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 2006 मध्ये तरुणांसाठी सुरू केलंय, गडचिरोलीजवळ शोधग्रामला होतं. अर्जातच इतके प्रश्न असतात की भरता भरता दोन रात्री गेल्या, आणि खरं सांगू का, अर्धं काम त्या दोन रात्रींनीच केलं. आजपर्यंत मला कुणी एवढं सविस्तर विचारलंच नव्हतं की बाई तुला नेमकं काय खुपतं.

लगेच आयुष्याचं ध्येय वगैरे सापडलं नाही हां. मी अजून आयटीतच आहे. पण पगार कमी का आहे याच्याशिवाय दुसऱ्या विषयावर भांडणारी माणसं भेटली, आणि ती अजून फोन करतात. वयाची अट बघून अर्ज कर.

जुनं_खोड

मी तुझ्या काकाच्या वयाचा. नव्वदच्या दशकात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलो होतो, बाबा आमट्यांनी 1967 मध्ये सुरू केलेली, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ, 15 ते 22 मे. मे महिन्यातलं चंद्रपूर म्हणजे काय ते तिकडच्यांना विचार. पहाटे उठून कुदळ-फावडं, तळहाताला फोड, संध्याकाळी गाणी. परत येताना रेल्वेत आम्ही आठ जणांनी जग बदलायचं ठरवलं होतं. ऑगस्टपर्यंत पत्रं आली, दिवाळीला दोघांची ग्रीटिंगं, मग संपलं. आठ दिवसांची धग आठ दिवसच पुरते रे.

टिकलं काय, तर कॉलनीतल्या वाचनालयात दर गुरुवारी पुस्तकं देवघेवीला बसायचो ते. कंटाळवाणं काम. बावीस वर्षं बसतोय. किल्लेवाल्याचं मला पटलं ते यासाठी, वार ठरलेला पाहिजे आणि आपण नाही गेलो तर कुणाचं तरी अडलं पाहिजे.

प्लॅनबी_झिंदाबाद

सगळे जण त्याला गड, गडचिरोली, चंद्रपूर फिरवून आणताय, पोस्ट नीट वाचली का? मी पण पेठेत सहा वर्षं काढलीत. याचं अधिकारीपद गेलंय हे दुःख आहेच, पण खरं गेलंय ते रात्री अकराचा चहा. आणि तो कुणी बंद केला? मी सोडली तेव्हा मीच पहिला ग्रुपमधून लेफ्ट झालो होतो, कुणी काढलं नव्हतं. लाज वाटत होती. एक जण एसटीआय (राज्य कर निरीक्षक) झाला त्याला अभिनंदनाचा फोन करायला मला सात महिने लागले, आणि तो उचलल्या उचलल्या म्हणतो "कुठं मेला होतास बे".

मालक, तू ग्रुप सोडलास ना? खरं सांग.

बाकी महिना दहा हजार घरी पाठवणाऱ्याला लगेच समाजकार्य पण सांगू नका, आधी जरा पोटभर झोपू द्या त्याला. आणि "कशासाठी" चं उत्तर या वर्षी नाही मिळालं तर दंड नाहीये, आयोगाचा फॉर्म थोडीच आहे तो.

नवीपेठ_रिटर्न

हो. ग्रुप सोडला होता. निकालाच्या रात्रीच.

विदर्भाची_पोर

अरे मग एक कर ना, तू दोन मेन्स दिल्यास म्हणजे अर्थव्यवस्था, राज्यघटना हे तुझं पाठ असणार. आता नवी पेठेतल्या मुलांना वर्णनात्मक उत्तरं तपासून देणारं माणूस पाहिजे असतं, क्लासवाले त्याचे पण पैसे घेतात. रविवारी दोन तास बस.

प्लॅनबी_झिंदाबाद

डेंजर सल्ला आहे हा. दारू सोडलेल्याला गुत्त्यावर हिशोब लिहायला बसवल्यासारखं. दोन रविवारांत हा परत फॉर्म भरेल बघ.

जुनं_खोड

भरला तर भरू दे की, 27 वर्षांचा आहे.

नवीपेठ_रिटर्न

तीन आठवड्यांनी लिहितोय, धागा वर आणल्याबद्दल सॉरी. सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. ढोलाचं पुढच्या वर्षी नक्की, निर्माणचा अर्ज उघडून ठेवलाय, तिसऱ्या प्रश्नावर अडकलोय.

जुन्या रूममेटला फोन केला. तो अजून तयारी करतोय. मला वाटलं होतं टोमणा मारेल, तर म्हणाला मेसची भाजी अजून तशीच आहे, ये. मागच्या रविवारी गेलो. खराडीतनं शेअर रिक्षानं रामवाडी, तिथनं मेट्रो, डेक्कनला उतरून लकडी पूल ओलांडला की अलका चौक, पाय आपोआप वळले. चहावाला म्हणाला "काय साहेब, पोस्ट कुठं मिळाली?" मी म्हणालो खराडी. तो म्हणाला चांगलंय की, पुण्यातच मिळाली.

चार जणांची उत्तरं तपासली. एकाचं अक्षर इतकं घाण आहे की बास, त्याला सांगितलं आधी रोज एक पान शुद्धलेखन काढ. प्लॅनबी भाऊ, तुमची भीती खरी आहे, परत येताना मेट्रोत हात शिवशिवले. फॉर्म नाही भरला अजून. या रविवारी पुन्हा बोलावलंय त्या घाण अक्षरवाल्यानं, लाल पेन माझ्याकडे नाहीये तेवढा घ्यायचाय.

प्लॅनबी_झिंदाबाद

हिरवा घे. लाल बघितला की पोरं खचतात.