लष्करी आगगाड्यांच्या प्रतिकृती जमवाव्यात का, आणि अस्सल-नक्कल कशी ओळखावी?

नौपाडकर

नमस्कार मंडळी. खेळण्यातल्या पत्र्याच्या जुन्या आगगाड्यांचे वेड मला लहानपणापासूनचे आहे, पण निवृत्त होईपर्यंत ते चित्रे पाहण्यापलीकडे गेले नव्हते. आता लष्करी विषयाच्या गाड्या जमवायला घेतल्या आहेत. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली त्या १९१७ साली लायोनेल या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने तोफा बसवलेले चिलखती इंजिन, क्रमांक २०३, विक्रीस आणले होते. त्याची अलीकडची प्रतिकृती, दारूगोळ्याच्या दोन डब्यांसह, माझ्या भाच्याने अमेरिकेहून आणून दिली. त्यानंतर एका ऑनलाइन लिलावातून मी क्षेपणास्त्र सोडणारा ६६५० क्रमांकाचा सपाट डबा घेतला. विक्रेत्याने तो त्या काळातला अस्सल असल्याचे लिहिले होते, परंतु डबा जुनाट आणि क्षेपणास्त्र मात्र कालच कारखान्यातून आल्यासारखे दिसते. माझी फसवणूक झाली आहे का? आणि मुळात प्रतिकृती जमवण्याला संग्रह म्हणावे का? शिवाय आमचे घर तळमजल्यावर असल्याने पावसाळ्यात ओल येते, तेव्हा पत्र्याच्या वस्तू कशा सांभाळाव्यात, हेही कृपया सांगावे.

वाशीचा सिग्नल

नौपाडकर, ‘प्रतिकृती’ या एका शब्दात आपण तीन निराळ्या वस्तू एकत्र केल्या आहेत. पहिली म्हणजे मूळ कंपनीने किंवा तिच्या परवानगीने दुसऱ्या कोणी उघडपणे नव्याने काढलेली गाडी. आपले २०३ या प्रकारात बसते. दुसरी म्हणजे जुन्याच साच्यांवरून पुन्हा ठोकलेली गाडी, जशा स्पेनमधील इबी गावच्या पाया कंपनीने आपल्या पत्र्याच्या गाड्या काढल्या. तिसरा प्रकार सुट्या नव्या भागांचा, आणि फसवणूक बहुतेक वेळा तिथे होते.

त्याचे कारण त्या गाड्यांच्या काळात आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक हा उपग्रह आकाशात गेला आणि पुढच्या काही वर्षांत लायोनेलच्या रुळांवर क्षेपणास्त्रांची गर्दी झाली. आपला ६६५० डबा १९५९ पासून निघू लागला. त्याच सुमारास ४४ क्रमांकाचे फिरते प्रक्षेपक आले, त्याच्या पाठीवर चार क्षेपणास्त्रे होती. ६४७० क्रमांकाच्या मालडब्याच्या भिंती तर नेम लागताच स्प्रिंगच्या जोरावर चहूकडे उडून पडत. (माझ्या मते खेळण्यांच्या इतिहासात याहून आनंददायक नासधूस झालेली नाही.) मुलांनी ही क्षेपणास्त्रे खरोखर सोडली, ती सोफ्याखाली गेली, कचऱ्यात गेली, आणि डबे मागे उरले. त्यामुळे नवी क्षेपणास्त्रे, हेलिकॉप्टरची पाती असे सुटे भाग बनवणे हा अगदी प्रामाणिक धंदा आहे. तो भाग बसवून संपूर्ण डबा ‘अस्सल’ म्हणून विकला, की अप्रामाणिकपणा सुरू होतो.

म्हणून डबा हातात आला की मी आधी सुटा भाग पाहतो आणि दोहोंची झीज जुळते का ते तपासतो. चाकांच्या कडा घासलेल्या असतील, प्रक्षेपकाच्या खोबणीत ओरखडे असतील आणि क्षेपणास्त्राचे पोट मात्र कोरे असेल, तर त्यांचा संसार नवा आहे असे समजावे. अतिनील दिव्याखाली दोन्ही निरनिराळे चमकले तर संशय बळावतो, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण एकाच कारखान्यातील दोन प्लास्टिकेही वेगळी चमकू शकतात. खोक्याच्या बाबतीत हा दिवा अधिक कामाचा आहे: कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी चमकदार द्रव्ये १९१७ साली वापरात नव्हती, त्यामुळे त्या सालाचे म्हणून दाखवलेले खोके निळसर उजळले तर ते परत करावे. तसेच, आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो त्या फिलिप्स स्क्रूचे पेटंट १९३६ चे आहे. पहिल्या महायुद्धातल्या म्हणवणाऱ्या इंजिनाच्या पोटाखाली तो दिसला, तर पुढचे काही तपासायला नको.

ऐरोलीचा वायरमन

एक सावधगिरीची सूचना. भाच्याने इंजिनाबरोबर अमेरिकन ट्रान्सफॉर्मर आणला असेल, तर तो आपल्या सॉकेटमध्ये थेट लावू नका. तो १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो; आपल्या २३० व्होल्टवर क्षणात धूर निघेल. मुंबईच्या लोहार चाळीत स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो गरजेपेक्षा दीडपट क्षमतेचा घ्यावा. त्यानेही वारंवारता बदलत नाही, ती ५० हर्ट्झच राहते आणि त्यामुळे जुन्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा अधिक तापतो, म्हणून अर्ध्या तासाने हात लावून पाहावे. रूळही तीन पट्ट्यांचे ओ गेजचेच लागतील (गेज म्हणजे बाहेरच्या दोन पट्ट्यांमधले अंतर). बाजारात मिळणारे १६.५ मिलिमीटरचे एचओ रूळ या ३२ मिलिमीटरच्या गाडीला निरुपयोगी आहेत.

खारघरची टेकडी

प्रतिकृतीला संग्रह म्हणावे का, या प्रश्नावर माझे मत कदाचित पटणार नाही: आपल्या हवेत प्रतिकृतीच अधिक शहाणपणाची आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या पुष्कळ गाड्यांचे जस्ताचे ओतीव भाग, त्या जस्तात शिशाची भेसळ राहिल्यामुळे, आतून तडकतात, फुगतात आणि शेवटी बोटांत भुगा होतात. दमट हवेत हा रोग वेग घेतो आणि त्याला औषध नाही. माझी युद्धपूर्व काळातली दोन चाके अशीच गेली. आजच्या शुद्ध मिश्रधातूच्या प्रतिकृतीला ही भीती राहत नाही. मात्र ती विकताना दिलेले पैसे परत येतील, असे गृहीत धरू नये.

ओलीबद्दल सांगायचे तर पत्र्यावर मोटारीला लावतात ते मेण पातळसर लावावे आणि आसांना शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा. गाडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, कारण आत अडकलेला ओलावाच पत्रा खातो. झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवून जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला ते तापवून कोरडे करावे. खोकी वेगळी ठेवावीत, नाहीतर त्यांना कसर लागते. आपल्या गाडीवर शिशाचे सैनिक असतील तर त्यांना प्लायवुडच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी शिसे पांढरे पडून झडू लागते.

परदेशातून मागवणार असाल तर हिशेब आधी करावा. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि ते वस्तूच्या किमतीबरोबर वाहतूक व विमा धरून आकारले जाते. मागवण्यापूर्वी त्या वेळचा दर पाहून घ्यावा.

नौपाडकर

सर्वांचे मनापासून आभार. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा तासाभरासाठी मागून आणला. क्षेपणास्त्र निळसर उजळले, डबा काळाच राहिला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रक्षेपकाच्या खोबणीत रंग पार घासला गेला आहे आणि क्षेपणास्त्राच्या पोटावर एक ओरखडाही नाही. विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवले. त्याने थोडी खळखळ करून एक तृतीयांश रक्कम परत देण्याचे मान्य केले. डबा मी ठेवून घेतला आहे. त्याच्या तळाला ‘डबा मूळचा, क्षेपणास्त्र नवे’ अशी चिठ्ठी सुतळीने बांधली आहे. गोंद मुद्दाम वापरला नाही. वायरमन, ट्रान्सफॉर्मर भाच्याने आणलाच होता आणि मी तो रविवारी लावणार होतो. आता आधी लोहार चाळीत जाऊन येतो.